मुलाम्याने शिसे जात नाही

पिस्तुलाच्या काडतुसात चार गोष्टी असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडातला, दारू पेटवणारा प्रायमर, दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार झाल्यावर गोळी, दारू आणि प्रायमर संपतात, पुंगळी उरते. तिच्यात नवा प्रायमर, मोजलेली दारू आणि नवी गोळी भरून काडतूस पुन्हा तयार करण्याचा प्रघात अमेरिकेतल्या नेमबाजांत जुना आहे. भरणाऱ्यापुढे दोन स्वस्त पर्याय असतात. एक ओतीव गोळी, म्हणजे शिशात कथील व अँटिमनी मिसळून साच्यात ओतलेली आणि वर मेणासारखे वंगण लावलेली. दुसरी मुलाम्याची गोळी, म्हणजे मऊ शिशाच्या गाभ्यावर विजेच्या साहाय्याने तांब्याचा पातळ थर चढवलेली. हा थर इंचाच्या काही हजारांश भागाइतकाच असतो. जॅकेटच्या गोळीवर कवच म्हणून चढवलेल्या जाड पत्र्याशी त्याची बरोबरी होत नाही.

या दोहोंविषयी एक पूर्वपक्ष नेमबाजांत घट्ट रुजला आहे. वजन सारखे असले की गोळी बदलली तरी दारूचे माप तेच चालते. ओतीव गोळ्यांनी नळीत शिसे धरले तर शेवटी चार मुलाम्याच्या गोळ्या झाडल्या की नळी खरवडून निघते. आणि मुलाम्याची गोळी घेतली की शिशाच्या विषाची चिंता मिटते. ही तिन्ही विधाने चुकीची आहेत, आणि तिसरे सर्वांत घातक आहे.

मापाचे आधी पाहू. नळीतल्या सर्पिल चरांतून जाताना मऊ, वंगण लावलेली ओतीव गोळी सहज दबते आणि मागचा वायू चांगला अडवते. जॅकेटची गोळी जास्त विरोध करते. मुलाम्याची या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते. म्हणून दारू तीच असली तरी वेग आणि दाब तेच राहत नाहीत. शिवाय वजन सारखे असले तरी लांबी सारखी नसते. लांब गोळी पुंगळीत खोल बसते, दारूला जागा कमी उरते आणि दाब चढतो. 9 मिमीच्या आखूड पुंगळीत हा फरक फार लवकर जाणवतो. पुंगळीच्या तोंडाचेही तसेच. ओतीव गोळी बसवण्यापूर्वी ते तोंड पुरेसे फाकवावे लागते, नाहीतर पितळेची कड शिसे तासते आणि गोळीभोवती करड्या धातूची बारीक कातरण जमते. मुलाम्याच्या गोळीवर तेच तोंड जोराने आवळले, तर तांब्याची कातडी चिरते आणि नेम जातो.

दुसरे विधान नळीचे. शिसे साचते ते बहुधा गोळी नळीला सैल पडल्यामुळे: फटीतून तापलेला वायू पुढे निसटतो आणि गोळीची कड कापत जातो. गोळी जितकी कठीण तितके साचणे कमी, असे सरसकट सांगितले जाते, पण सैल गोळी कितीही कठीण असली तरी तिच्या मागचा वायू निसटतोच. साचलेल्या शिशावरून तांब्याच्या गोळ्या झाडल्या तर त्या ते खरवडून काढतीलच असे नाही. बरेचसे शिसे त्या चरांत आणखी दाबून गुळगुळीत करतात. वरून पाहिले तर नळी चकाकते, आत अडथळा तसाच राहतो, आणि अरुंद झालेल्या वाटेतून कठीण गोळी ढकलली की दाब वाढतो. नळी साफ होते ती ब्रशने आणि कष्टाने.

आता विषाचा प्रश्न. पूर्वपक्षात सत्याचा अंश आहे, तो मान्य करायला हवा. मुलामा गोळीला सर्व बाजूंनी, बुडाकडूनही झाकतो. साध्या जॅकेटच्या गोळीचे बूड उघडे असते. तेव्हा गोळीतून हवेत जाणारे शिसे मुलाम्याने कमी होते. पण नेहमीच्या प्रायमरमध्येच लेड स्टिफनेट हे शिशाचे संयुग असते. प्रत्येक बाराला त्याचा सूक्ष्म धूर निघतो. तो नेमबाजाच्या तोंडासमोर पसरतो, हातावर, बाहीवर, केसांत बसतो. रिकाम्या पुंगळ्या कोरड्या भुश्यात घुसळून साफ करताना उडणारी धूळ त्याच शिशाने भरलेली असते. गोळ्या ओतणाऱ्याला भीती वाटते भांड्यातल्या वाफेची. शिसे सुमारे 327 अंश सेल्सिअसला वितळते आणि ओतण्याच्या नेहमीच्या तापमानाला त्याची वाफ फारच थोडी होते. खरा धोका पृष्ठभागावरची करडी-पिवळी साय काढताना उडणाऱ्या भुकटीत आणि न धुतलेल्या हातांत असतो.

या विषाचा हिशेब भारतात मांडला तो बेंगळुरूने. तिथल्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातील जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक डॉ. थुप्पिल वेंकटेश यांनी जॉर्ज फाउंडेशनच्या सोबतीने 1990च्या दशकाअखेर मोठ्या शहरांतल्या मुलांचे रक्त तपासले. निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला 10 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे सापडले. शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली देशात बंद झाले. घरगुती रंगांतले शिसे 2016च्या नियमांनी दहा लाखांत 90 भागांवर आणले. अमेरिकेतल्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने 2021 साली मुलांसाठीचा सूचक आकडा 3.5 मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणला. शिसे रक्तातून काही आठवड्यांत उतरते, पण हाडांत दशकानुदशके दडून राहते. पेट्रोल आणि रंगातून हद्दपार केलेला धातू नेमबाजाच्या बाहीवरून घरात येत असेल, तर गोळीवर तांबे आहे हे उत्तर पुरेसे ठरत नाही.

भारतीय नेमबाजाला तर काडतूस स्वतः भरण्याचा पर्यायच बहुधा नसतो. शस्त्र अधिनियम, 1959च्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग व ते बनवण्याची यंत्रेही येतात. .22 रिमफायर काडतुसात स्फोटक मिश्रण पुंगळीच्या कडेतच असल्याने ते पुन्हा भरण्यासाठी बनवलेलेच नसते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले तो 25 मीटर पिस्तूल प्रकार याच काडतुसाचा. आंतरराष्ट्रीय नियमांत त्यासाठी शिसे किंवा तत्सम मऊ पदार्थाचीच गोळी चालते. म्हणजे बेंगळुरू, पुणे, कोल्हापूर, कुठल्याही रेंजवर शिसे आहेच.

जिथे काडतूस भरणे कायदेशीर आहे तिथे एका पिस्तुलाला गोळीचा एकच प्रकार ठरवणे उत्तम. बदलायचेच असेल, तर नळी आधी धातूपर्यंत साफ करावी, नव्या गोळीचा स्वतःचा तक्ता घ्यावा आणि सर्वांत कमी मापापासून वर जावे. रेंजवर हवा नेमबाजाच्या पाठीकडून लक्ष्याकडे वाहती हवी, झाडू कोरडा नको, आणि तिथे खाणेपिणे नको. घरी परतल्यावर बूट दाराबाहेर, सदरा वेगळ्या धुण्यात, हात व चेहरा गार पाण्याने आणि साबणाने स्वच्छ. लहान मुलाला उचलून घ्यायचे ते त्यानंतरच.