जीवदया : वखारीतील सापाची अंडी

तत्त्वार्थसूत्रात गर्भजन्माचे जरायुज, अंडज आणि पोत असे तीन प्रकार सांगितले आहेत. साप हा बहुतांशी अंडज जीव होय; घोणस मात्र थेट पिलांनाच जन्म देते. अंड्यातील सर्पही पंचेंद्रियच असल्यामुळे ते अंडे फोडणे म्हणजे पंचेंद्रिय जीवाचाच घात होय.

उल्हास नदीकाठी वसलेल्या शहाडसारख्या ठिकाणी व्यापारी कुटुंबांपुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहू शकतो. धान्याच्या वखारीत उंदीर येतात आणि उंदरांच्या मागावर धामण व नाग येतात. नागाची मादी साधारणतः एप्रिल ते जुलै या काळात उंदरांच्या बिळात किंवा वारुळात १० ते ३० अंडी घालते. ती सुमारे दोन महिन्यांनी फुटतात. म्हणजे यांतील कित्येक जीव ऐन चातुर्मासात जन्मास येतात. पावसाळ्यापूर्वीच्या साफसफाईत गोण्यांखाली अशी अंडी आढळली, की कोणी ती फेकून देण्यास सांगतो, तर कोणी दयेपोटी घरी उबवून पिलू पाळू म्हणतो. दोन्ही मार्ग सदोष आहेत.

सापाचे अंडे कोंबडीच्या अंड्यासारखे टणक नसते. त्याचे कवच मऊ व चिवट असून ते भोवतालचा ओलावा शोषून घेते. कोंबडी आपली अंडी फिरवीत राहते. सापाच्या अंड्यातील गर्भ मात्र लवकरच कवचाच्या आतील बाजूस चिकटतो आणि अंडे उलटल्यास तो मरू शकतो. म्हणून अंडी हलविणे अपरिहार्य झाल्यास जाणकार सर्पमित्र प्रथम प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूस पेन्सिलीने खूण करतात आणि ते त्याच स्थितीत उचलतात. नंतर ती ओलसर माती किंवा नारळाच्या भुशात, हवेशीर डब्यात, उन्हापासून दूर ठेवली जातात. पिले बाहेर आल्यावर त्यांना योग्य अधिवासात सोडले जाते.

हे काम घरच्या हौसेचे नव्हे. नागाचे पिलू जन्मतःच विषारी असते, आणि अंड्यांजवळ मादीही असू शकते. अंडी दिसताच त्या कोपऱ्यातील काम थांबवावे, हमालांना व मुलांना दूर ठेवावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

पाळण्याविषयी कायदा स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार नाग, धामण, अजगर यांसारखे भारतीय साप घरी बाळगता येत नाहीत. श्रावकाचे व्रत त्याच्याही आधीचे आहे. अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘बंध’ हा पहिला गणला जातो. काचेच्या पेटीतील साप कितीही लाडाचा असला, तरी तो बांधलेला जीवच होय.

श्वेतांबर परंपरेतील चंडकौशिकाची कथा येथे स्मरणीय आहे. भगवान महावीरांनी त्या विषारी सर्पाला बोध दिला, पण जवळ ठेवून घेतले नाही. पुढे लोकांनी भक्तीने त्याच्यावर तूप वाहिले. तुपामुळे मुंग्या लागल्या व त्याचे शरीर पोखरले गेले. मुंग्या चिरडू नयेत म्हणून तो सर्प हललादेखील नाही. लोकांचा भाव चांगला होता, तरी वेदना त्या सर्पालाच भोगावी लागली.

वखारीतील अंड्यांच्या बाबतीतही हाच विवेक हवा. त्यांना धुऊ नये, उलटू नये, दिव्याखाली ठेवू नये. जाणकार येईपर्यंत गोणी जागच्या जागी राहू द्यावी. मालाची उचल एक दिवस लांबली तरी चालेल.