धोतीतला स्पायडरमॅन आणि डोंबिवलीची भीती

सुपरहिरोंच्या दुनियेत गेली काही वर्षं एक धंदा तेजीत आहे, पर्यायी विश्वांचा. हिरो तोच, जग दुसरं. एका विश्वात सुपरमॅन हुकूमशहा होतो, तर दुसऱ्यात स्पायडरमॅन धोती नेसून मुंबईच्या इमारतींवरून उड्या मारतो. कल्पना ऐकताना मजा वाटते. वाचून झाल्यावर मात्र बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही. हे असं का होतं, याचा विचार ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपण करायला हरकत नाही. कारण या हिरोंपैकी एक थेट आपल्या शेजारी आणून बसवला गेला होता.

२००४ साली गोथम एंटरटेनमेंट या कंपनीने मार्व्हलच्या परवानगीने ‘स्पायडरमॅन इंडिया’ काढला. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग ही त्यामागची मंडळी. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला, मेरी जेनची मीरा जैन झाली, अंकल बेनचे भीम काका आणि आंट मेची माया काकू. खेड्यातला हा मुलगा शिष्यवृत्तीवर मुंबईत शिकायला येतो. चार अंकांत मालिका आटोपली.

नावं जुळवण्याची ही गंमत मलाही आवडली. पण कथा वाचताना एक गोष्ट खटकते. पवित्रला शक्ती देतो तो एक प्राचीन योगी. खलनायक नलिन ओबेरॉय ताईताच्या जोरावर राक्षस होतो. म्हणजे एका बाजूला नियतीने निवडलेला वीर आणि दुसऱ्या बाजूला पुराणातला असुर. आता मूळ कथा आठवून पाहा. १९६२ च्या ऑगस्टमध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी पीटरला जन्म दिला, तेव्हा त्याला कुणीही निवडलं नव्हतं. विज्ञानाच्या एका प्रयोगात किरणोत्सर्गी झालेला कोळी त्याला चुकून चावला. कोळी दुसऱ्या कुणालाही चावू शकला असता. स्पायडरमॅन आपला वाटतो तो या ‘चुकून’मुळे. भाडं थकलेलं, काकूच्या औषधाची चिंता, फोटो विकून मिळणारे चार पैसे, आणि त्यात ही न मागितलेली ताकद. त्याला अवतार करून टाकला की तो पूज्य होतो, पण शेजारी राहत नाही.

आणि तो कोळी किरणोत्सर्गीच का होता? कारण त्या काळच्या अमेरिकेच्या उशाशी अणुबॉम्ब होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्युबाच्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या काठावर जाऊन आलं. पीटरची ताकद त्याच्या समाजाच्या भीतीतून आली होती. पर्यायी विश्व रचणाऱ्याने बदलायला हवी होती ती ही भीती. त्याने बदलला फक्त पोशाख.

इथे एक गैरसमज आधीच दूर करते. धोतीबद्दल माझी तक्रार नाही. ‘मुंबईचा स्पायडरमॅन मुसलमान का नाही’ अशीही नाही. योगी, ताईत आणि राक्षस एवढ्यावर भारत संपतो असं मानलं, की त्यात मुंब्र्याच्या मुलाला जागा उरत नाही हे खरं. पण डोंबिवलीच्या हिंदू मुलाला तरी कुठे उरते? सकाळी डबा भरून लोकल पकडणारा, क्लासची फी, एमएचटी-सीईटीचा निकाल आणि घराचा हप्ता यांच्यात अडकलेल्या घरातला मुलगाही त्या चार अंकांत सापडत नाही. परदेशी दुकानात ‘भारत’ म्हणून जे खपतं, ते आम्हां दोघांपैकी कुणाचंच नसतं.

२०२३ मध्ये पवित्र परत आला. ‘स्पायडरमॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांत लागला, मराठीतही. त्यातलं मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र करून केलेलं ‘मुंबॅटन’ डोळ्यांचं पारणं फेडणारं आहे, आणि पवित्र हसरा, बोलका, लाडका आहे. माझा भाचा थिएटरमधून बाहेर पडताना म्हणाला, “खाला, याला कसलं टेन्शनच नाही!” त्याने ते कौतुकाने म्हटलं होतं. मला त्यात उणीव दिसली. त्याच सिनेमात एक मोलाचा प्रश्न आहे: प्रत्येक विश्वातल्या स्पायडरमॅनने ठरलेलंच दुःख भोगायला हवं का? पवित्रच्या मैत्रिणीचे वडील, इन्स्पेक्टर सिंग, यांचा मृत्यू कथेच्या ‘नियमा’प्रमाणे ठरलेला असतो, आणि माइल्स त्यांना वाचवून नियम मोडतो. नियम मोडणारा पाहुणा, घरचा मुलगा मात्र चकित. पवित्रचं स्वतःचं ओझं कोणतं, हे याही वेळी कळलं नाही.

पर्यायी विश्व जमतच नाही असं नाही. मार्क मिलरच्या ‘सुपरमॅन: रेड सन’मध्ये (२००३) एकच गोष्ट बदलते. बाळाचं यान अमेरिकेतल्या कॅन्ससऐवजी सोव्हिएत युक्रेनमधल्या सामूहिक शेतावर उतरतं. मग त्या एका बदलातून सगळं क्रमाने उलगडतं: हा सद्भावनेचा माणूस सत्तेत गेला तर काय होईल, सगळ्यांचं भलं करण्याच्या नादात तो कुणाचा श्वास कोंडेल. याउलट २०१३ च्या ‘इनजस्टिस’ या गेमपासून बिघडलेल्या सुपरमॅनची जी रांग लागली, तिच्यात प्रश्न कमी आणि धक्का जास्त. चांगल्या माणसाला वाईट केलं की आपण खोल काही सांगितलं, असा समज लेखकांचा झालेला दिसतो.

कमला खानचं उदाहरण मला फार आवडतं. २०१४ मध्ये जर्सी सिटीतली ही पाकिस्तानी-अमेरिकन मुलगी मिस मार्व्हल झाली. संपादक सना अमानत आणि लेखिका जी. विलो विल्सन यांनी एक हुशारी केली. ताकद मिळताच कमला पहिल्यांदा बनते ती सोनेरी केसांची, जुन्या मिस मार्व्हलसारखी. आणि तिला ते अजिबात मानवत नाही. बूट टोचतात, पोशाख अवघडवतो. मग ती बुर्किनीतून स्वतःचा पोशाख शिवते. दुसऱ्याचं रूप घेऊन निराश होणं, हा इथे कथेचाच भाग आहे. तिचं मुसलमान असणं नमाज आणि ओढणीपुरतं नाही. रात्री पार्टीला जाऊ न देणारे अब्बा आणि जायची तिची ओढ, यांच्या ओढाताणीत ते दिसतं. ही ओढाताण मुंब्र्यातल्या मुलीला समजते आणि ठाकुर्लीतल्या मुलीलाही.

आपल्याकडेही हे जमून गेलं आहे. इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळ आणि मँड्रेक बाहेरून येत होते. १९७६ मध्ये तिथे ‘बहादूर’ आला. निर्माते आबिद सुरती. बहादूर डाकूचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीने मेलेला, आणि ज्या अधिकाऱ्याने बापाला मारलं त्यानेच याला वाढवलेलं. सूड घ्यायचा की नाही, हे त्याचं ओझं. चंबळच्या डाकूंनी जयप्रकाश नारायण यांच्यासमोर शस्त्रं ठेवली ती १९७२ मध्ये, म्हणजे लोकांच्या मनातली भीती ताजी होती. सुरतींनी ती उचलली. बहादूरकडे अलौकिक शक्ती नाही. अंगात कुर्ता आणि जीन्स, आणि सोबत गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल. पुढे हेच सुरती आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या मिरारोडला राहिले आणि २००७ पासून रविवारी प्लंबर सोबत घेऊन घराघरांतले गळके नळ फुकट दुरुस्त करू लागले. निर्माता आणि त्याचा हिरो इतके सारखे क्वचितच असतात.

मग आपल्या भागातला स्पायडरमॅन कसा असेल? त्यासाठी योगी शोधायची गरज नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीतला नाला पुरे. २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडल्याच्या बातम्या आल्या. २०२० मध्ये रसायनांनी रस्ता गुलाबी झाला आणि मुख्यमंत्र्यांना येऊन पाहावं लागलं. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन दिवशी कारखान्यांत स्फोट झाले, माणसं गेली, दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या. १९६२ च्या न्यूयॉर्कला किरणोत्सर्गाची भीती होती, आपल्याला या वासाची आहे. त्या नाल्याकाठचा कोळी इथल्या एखाद्या मुलाला चावला, तर गोष्ट आपोआप सुरू होते. त्याचे वडील त्याच कारखान्यात पाळी करत असतील, कारखाना बंद व्हावा की चालू राहावा हे त्याला ठरवता येत नसेल, तर ओझंही तयार.

आणि लोकल तर आहेच. देशातली पहिली प्रवासी गाडी १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्यालाच आली होती. २००४ च्या सिनेमात स्पायडरमॅन अंगावर झेलून गाडी थांबवतो, बेशुद्ध पडतो, आणि प्रवासी त्याला हातांवर उचलून आत घेतात. त्याचा चेहरा उघडा पडलेला असतो, पण कुणी बाहेर सांगत नाही. हे दृश्य पाहायला आपल्याला पर्यायी विश्व लागत नाही. दारात लटकलेल्या अनोळखी मुलीला दंडाला धरून आत ओढणारे हात मी लेडीज डब्यात रोज पाहते. तरीही ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यातल्या काहींचे जीव गेले. तिथे कुणीही गाडी अंगावर झेलली नाही.

‘कॉमिक्सकडून एवढी अपेक्षा कशाला, मुलांचा विरंगुळा आहे’ असं कुणी म्हणेल. पण बिघडलेल्या जगात ताकद कशासाठी वापरायची, याचा पहिला धडा बरीच मुलं याच पानांतून घेतात. त्या पानांत त्यांच्या स्टेशनाचं, नाल्याचं, गर्दीचं नाव नसेल, तर धडा दुसऱ्या शहराचा राहतो. कळव्यातल्या किंवा भिवंडीतल्या कुणा मुलीच्या वहीत आज हिरो आकार घेत असेल, तर तिने त्याला हवा तो पोशाख घालावा, धोती, लुंगी किंवा शाळेचा गणवेश. फक्त आधी एवढं ठरवावं, की तो कशाला घाबरतो.