'चालेल' म्हणण्याआधी

घरी पाहुणे आले की विचारतात, "काय मग, मोठेपणी कोण होणार?" आपण "इंजिनिअर" म्हटलं की सगळे खूश! पण इंजिनिअर मोठ्या पदावर गेल्यावर नेमकं काय करतो, हे कोणी सांगत नाही. माझ्या मते त्याचं सर्वांत अवघड काम म्हणजे योग्य वेळी "नाही" म्हणणं.

अमेरिकेतल्या अ‍ॅलन मॅकडॉनल्ड यांचंच बघा. मोंटानात केमिकल इंजिनिअरिंग शिकून १९५९ मध्ये ते थायोकॉल या रॉकेट बनवणाऱ्या कंपनीत लागले. पुढे ते स्पेस शटलच्या बूस्टर रॉकेट प्रकल्पाचे प्रमुख झाले.

हे बूस्टर अनेक भाग जोडून तयार होत. आतला गरम वायू बाहेर येऊ नये, म्हणून सांध्यांत रबराच्या रिंगा असत. आपल्या कुकरच्या झाकणात असते ना, साधारण तशीच कल्पना. कुकरची रिंग कडक झाली की वाफ बाजूने निसटते आणि शिट्टी होत नाही. थंडीत रॉकेटचं रबरही असंच कडक होई.

२७ जानेवारी १९८६. दुसऱ्या दिवशी 'चॅलेंजर' उडणार होतं. फ्लोरिडात त्या रात्री पाणी गोठेल एवढी थंडी पडणार होती. कंपनीचे इंजिनिअर म्हणाले, "५३ अंश फॅरनहाइटच्या खाली उडवू नका." नासाच्या अधिकाऱ्यांना ते पटेना. मग कंपनीच्या वरिष्ठांची बैठक झाली. इंजिनिअरिंगच्या प्रमुखांना सांगण्यात आलं, की आता इंजिनिअरची टोपी काढा आणि मॅनेजरची घाला. त्यांनी मत बदललं.

फ्लोरिडात हजर असलेल्या मॅकडॉनल्ड यांनी मात्र परवानगीच्या कागदावर सही केली नाही. शेवटी युटामधून त्यांच्या वरिष्ठांनी सही करून तो फॅक्सने पाठवला. दुसऱ्या दिवशी, उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी, चॅलेंजरचे तुकडे झाले. सातही जण गेले.

कोणी म्हणेल, "मग त्यांच्या नकाराचा काय उपयोग झाला? यान तर उडालंच!" प्रश्न बरोबर आहे. पण गोष्ट इथे संपत नाही. चौकशी आयोगासमोर आदल्या रात्रीची हकिकत अर्धवट सांगितली जातेय, असं मॅकडॉनल्ड यांना वाटलं. मागे बसलेले ते उठले आणि त्यांनी खरं काय झालं ते सांगितलं. त्यांनी सही केली असती, तर हे सांगायला तोंड राहिलं असतं का?

खरं बोलण्याची किंमत त्यांना मोजावी लागली. कंपनीने त्यांना खालच्या कामावर टाकलं. अमेरिकन संसदेतल्या काही सदस्यांनी आवाज उठवल्यावर त्यांना पुन्हा मोठं पद मिळालं, आणि तोच सांधा नव्याने बनवण्याचं कामही. २९ सप्टेंबर १९८८ ला 'डिस्कव्हरी' याच सुधारलेल्या सांध्यांच्या बळावर उडालं आणि पाचही अंतराळवीर सुखरूप परत आले. माझ्या मते मॅकडॉनल्ड यांचं मोठेपण पदात नव्हतं, त्या न केलेल्या सहीत होतं.

"चालेल" हा आपला मराठी लोकांचा आवडता शब्द. पिझ्झा कोणता मागवायचा, हे ठरवताना तो छानच आहे. पण शाळेच्या प्रोजेक्टमध्ये चूक दिसत असूनही सगळे "चालेल, चालेल" म्हणत असतील, तर एकाने तरी "नाही चालणार" म्हणायला हवं. तुम्ही असं शेवटचं कधी म्हणालात?