बिजागरीचें चुकलेलें भोंक

वाशीम, कारंजा, रिसोड या बाजूस कांहीं जुने वाडे अजून उभे आहेत. जुन्या धाटणीच्या दारांना बिजागरी नसेच. फळीलाच वर-खालीं ठेवलेली चूळ उंबऱ्याच्या व वरच्या पट्टीच्या खळग्यांत फिरे. तेथें भोंक चुकण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. परंतु माजघराच्या दोन खोल्या झाल्या, थोरल्या चिरंजीवांना अभ्यासाची खोली निराळी पाहिजे झाली, म्हणजे आंतल्या भिंतीला नवी चौकट येते आणि तिच्याबरोबर बिजागऱ्या व स्क्रूहि येतात. हे टोंकदार स्क्रू यंत्रावर ढिगानें निघूं लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. १९३८ च्या म्यूनिक करारानें ज्यांचें नांव घरोघर झालें, त्या नेव्हिल चेंबरलेन यांच्या वडिलांनीं बर्मिंगहॅमला याच धंद्यांत पैसा मिळविला होता!

आतां चूक होते ती बहुधा दोन सुतांची. तेवढ्यानें दार उंबऱ्याला घासतें, किंवा कडी कोयंड्यांत बसत नाहीं. बिजागरी किंचित् सरकवावी म्हटलें तर नवें भोंक जुन्याच्या कांठावर येतें, आणि स्क्रू घसरून पुन्हां जुन्या जागींच जातो. अशा वेळीं ‘चौकटच बदला’ असा सल्ला मिळाला तर तो मुळींच ऐकूं नये. भिंतींत बसलेली सागवानी चौकट उपटणें म्हणजे गिलाव्यासकट शेंकडों रुपयांचें काम हजारोंवर नेणें होय.

घरोघरचे उपाय तीन. पहिला, भोंकांत लांबी भरणें. तो केवळ डोळ्यांचें समाधान. लांबीला धागा नाहीं, तेव्हां स्क्रूच्या आट्यांनीं धरावें तरी कशाला? दुसरा, अधिक जाड स्क्रू. याचें डोकें बिजागरीच्या खोलगट घरांत बसत नाहीं, वर उचललेलें राहतें, मग बिजागरी पुरती मिटत नाहीं आणि दार लावलें तरी आपण होऊन उघडतें. तिसरा, सरस लावून आगपेटीच्या काड्या ठोकणें. भोंक नुसतें सैल झालें असेल तर हा चालतो. जागाच बदलावयाची असेल तर चालत नाहीं.

खरा उपाय लाकडाला लाकूड देण्याचा. भोंकाभोंवतीं पटाशीनें लहानशी चौकोनी खांच करावी आणि तींत घट्ट बसेल असा सागाचाच तुकडा चिकटवावा. येथें एक गोष्ट सुतारास आवर्जून सांगावी. चौकटीच्या खांबाची रेघ उभी असते, तशीच तुकड्याचीहि उभीच यावी. बाजारांतील गोल काडी ठोकली तर तिची रेघ स्क्रूच्याच दिशेनें जाते. स्क्रू धाग्यांना आडवा न जातां त्यांच्या मधून शिरतो आणि ओढ बसली कीं सुटतो. सागाच्या अंगीं तेल असतें, म्हणून तुकडा व खांच दोन्हीं त्याच वेळीं ताजीं तासावींत. पूर्वीं सरस उकळावा लागे. १९५९ पासून फेव्हिकॉलनें तो खटाटोप वांचविला आहे. न्हाणीघराच्या दारास मात्र पाण्यानें न सुटणारा प्रकार मागून घ्यावा. रात्रभर वाळूं द्यावें, सकाळीं तुकडा सपाट तासावा, बिजागरी ठेवून खूण करावी, आणि स्क्रूच्या गाभ्याएवढें बारीक भोंक आधीं पाडावें. स्क्रूस साबण चोळला कीं तो सुरळीत जातो. पितळी स्क्रू मऊ असतो. त्याआधीं लोखंडी फिरवून वाट करावी, नाहीं तर डोकें तुटून नवीच अडचण उभी राहते.

दाराचा भार वरची बिजागरी बाहेर ओढतो, खालची आंत दाबतो. तेव्हां सर्वांत अधिक काळजी वरचीची. ती सोडण्यापूर्वीं दाराखालीं पाचर मारावी व मुलांना दुसऱ्या खोलींत पाठवावें. भरींव सागवानी फळी पडली तर बोटावर थांबत नाहीं. हल्लींच्या फ्लश दारांत भरींव लाकूड पुष्कळदां कडेच्या पट्टींतच असतें, तेथें तुकडाहि त्या पट्टींतच बसला पाहिजे.

आणखी एक. वऱ्हाडांत वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो, लाकूड आटतें. आषाढांत तेंच फुगतें आणि दार चौकटीला अडूं लागतें. तेव्हां बिजागरीवर दोष ठेवून पुष्कळ जण भर पावसांत स्क्रू हलवितात, आणि दिवाळीनंतर दार सैल पडलें म्हणून पुन्हां हलवितात. अशा दारांच्या चौकटींवर भोंकांच्या ओळीच्या ओळी दिसतात. पावसांतच अडणाऱ्या दाराला कार्तिकापर्यंत हात लावूं नये. तेव्हांहि अडलें तर काटकोन व ओळंबा लावून पाहावें, आणि मगच पटाशी काढावी.