चवळीवरचा ढेकूण आणि बिळातली माशी

पावसाळा सरताना माळावर गुडघाभर गवत झालं, की तिथं खुशाल फतकल मारून बसावं. गेल्या रविवारी भाचीला घेऊन मी तेच केलं.

कडेच्या चवळीवर एक हिरवागार ढेकूण बसला होता. दचकू नका, अंथरुणातला नव्हे! याची पाठ ढालीसारखी, आणि पोटाखाली दुमडलेली सोंड. ती शेंगेत खुपसून हा रस ओढतो. भाचीनं त्याला चिमटीत धरलं मात्र, "शी!" करून हात झटकला. याच्या छातीखाली वासाच्या ग्रंथी असतात. नांगी नाही, चावायला जबडे नाहीत. घाण वास हेच काय ते हत्यार!

पानाखाली अंडीही होती. इवल्या पिंपांसारखी, ओळीत चिकटवलेली, साठएक तरी. आई अंडी घालून मोकळी होते. पिल्लं पाचदा कात टाकून मोठी होतात. कोषाची भानगडच नाही.

तेवढ्यात पायाशी खसखस झाली. दोऱ्याएवढ्या कंबरेची एक काळी माशी आपल्याहून जाडजूड अळी ओढत चालली होती. ही कुंभारणीची चुलतबहीण, पण मातीचं घर बांधत नाही, जमिनीत बीळ खणते. अळी आत गेली. माशीनं तिच्यावर एक अंडं घातलं असणार, कारण बाहेर येऊन ती बिळाच्या तोंडाशी माती लोटू लागली, डोक्यानं दाबू लागली. यांच्यातल्या काही जणी तर जबड्यात खडा धरून माती ठोकतात, बरं का!

"अळी मेली का, मामा?"

"नाही गं. नांगीच्या विषानं लुळी पडलीय. मेली असती तर कुजली असती. माशीच्या पिल्लाला ताजं खाणं हवं ना!"

"मग तिला दुखत असेल?"

मी गप्प. ती बीळ उकरायला निघाली, तेव्हा मात्र हात धरला. अळी काही आता चालू शकणार नव्हती, आणि माशीचं पिल्लू उपाशी मेलं असतं. भाची फुरंगटून चवळीकडे गेली आणि ओरडली, "यातली काही काळी पडलीत!"

खरंच की! तिळाहूनही बारीक अशा माश्या असतात. त्या ढेकणाच्या अंड्यातच आपलं अंडं घालतात, मग ते काळं पडतं.

ते पान आता आमच्याकडे काड्यापेटीत आहे. भाची रोज सकाळी उघडून बघते, ढेकूण किती निघाले आणि माश्या किती!