बिल भरले म्हणजे पाणी आपले?

चंदीगडच्या सेक्टर २२ मध्ये पाणीबचतीचा विषय काढला की एक उत्तर हमखास मिळते : ‘आम्ही बिल भरतो.’ प्रशासनात काम करणारा म्हणून मला हा युक्तिवाद मुळीच मान्य नाही.

हे पाणी कजौली येथे भाक्रा कालव्यातून उचलून पंपांनी शहरात आणले जाते व शुद्ध केले जाते. एवढ्या खटाटोपाने आलेले पिण्याचे पाणी आपण शौचकूपात ओततो. जुनी फ्लशटाकी एका वेळी सुमारे १० लिटर सोडते. दोन बटणांची टाकी ३ किंवा ६. चौघांच्या घरात दिवसाला २० वेळा फ्लश झाला, तर १०० लिटरांहून अधिक पाणी सहज वाचेल. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी ५५ लिटर धरले आहेत. म्हणजे दोघांचा वाटा आपण रोज उगाच वाहू देतो.

येथे वाचलेले पाणी लातूरला पोहोचणार नाही, हे खरे. पण ते त्याच कालव्यावरील शेतांना उरेल. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जाताना पाहिलेल्या मराठी माणसाने तरी बिलाची पावती पुढे करू नये.

मात्र नुसता उपदेश व्यर्थ आहे. सरकारी निवासस्थानांतील जुन्या टाक्या प्रशासनाने स्वतः बदलाव्यात. नागरिकांना शिकवण्याचा अधिकार त्यानंतरचा.