मागितलं एक, पाठवलं भलतंच

"एपीआय दिलाय ना, अजून काय पाहिजे?" असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. दिलाय हो, पण तो समोरच्याचं ऐकतो का?

एचटीटीपीत याची सोय फार जुनी आहे, १९९९ च्या आरएफसी २६१६ च्याही आधीची. क्लायंट 'ॲक्सेप्ट' हेडरमध्ये सांगतो: जेसन दे, नसेल तर एक्सएमएल चालेल. सर्व्हरने जमेल ते द्यावं, काय दिलं ते 'कंटेंट-टाइप'मध्ये खरं लिहावं, काहीच जमत नसेल तर सरळ ४०६ म्हणावं. संपलं!

प्रत्यक्षात काय होतं? मध्यंतरी एका सेवेकडून (नाव नको) बाजारभाव घेत होतो. मागणी जेसनची. सर्व्हर ठीक असेपर्यंत जेसन यायचं. ढेपाळला की मेनूसकट एचटीएमएलचं अख्खं पान, आणि वर स्टेटस २०० ओके! म्हणजे ताप १०४ आणि पेशंट म्हणतोय मी मजेत.

शहरातल्या फायबरवर हे खपून जातं. त्र्यंबकेश्वर तालुक्यात, गुजरातच्या सीमेजवळच्या आमच्या हरसूलला नाही खपत. डोंगराआड रेंजची एक काडी धरून कोणी नागलीचा भाव बघतोय. डेटा गेला त्या पानावर, आणि भावाची जागा कोरी. त्याला वाटणार, आज भाव निघालाच नाही. मग व्यापारी सांगेल तो भाव.

बरं, हेच सर्व्हर 'ॲक्सेप्ट-एन्कोडिंग' मात्र मुकाट पाळतात. जीझिप मागितलं की जीझिप देतात, कारण ब्राउझर रोज मागतात. म्हणजे बोलणी करता येतात, फक्त गरीब क्लायंटशी करायची नसतात.

"यूआरएलमध्ये फॉरमॅट लिहा की!" डेटा डॉट गव्ह डॉट इनच्या एपीआयमध्ये तसंच आहे, आणि ते मला मान्य आहे. ब्राउझरमध्ये चिकटवून बघता येतं, कॅशचाही घोळ होत नाही. (ॲक्सेप्ट पाळून 'व्हेरी' हेडर विसरलात तर एकाचं एक्सएमएल दुसऱ्याच्या गळ्यात पडतं, ते वेगळंच.) पण मग चूकही त्याच फॉरमॅटमध्ये सांगा ना!

कोणी २०२२ चं आरएफसी ९११० तोंडावर मारेल, की सर्व्हरला ॲक्सेप्टकडे दुर्लक्ष करायची मुभा आहे. आहेच. पण बंद पडलेल्या सेवेला २०० म्हणायची मुभा त्यात कुठे आहे? ५०३ द्या, सोबत दोन ओळींचं जेसन. ॲप निदान "भाव आत्ता मिळत नाही" एवढं तरी दाखवेल.